आई पस्तीस वर्षं गोव्याची होती

मराठी माणूस दुबईत येवो नाहीतर चंद्रावर जावो, समोर दुसरा मराठी माणूस दिसला की दुसऱ्या मिनिटाला विचारणार, "मूळ गाव कुठलं तुमचं?" नोकरी काय, मुलं किती, राहता कुठे, हे सगळं नंतर. आधी गाव. सातारा म्हटलं की समोरचा खूश, नागपूर म्हटलं की तो संत्र्यांवर बोलणार, आणि पुणे म्हटलं की "पुण्यात कुठे?" हा पुढचा प्रश्न तयार.

माझ्या आईचं खरं उत्तर होतं ग्रेनाडा. कॅरिबियन समुद्रातलं एक बेट. इतकं लहान की नकाशात त्याचं नाव बेटावर मावत नाही, बाजूच्या समुद्रात लिहावं लागतं. तिथून आई लंडनला नर्सिंग शिकायला गेली, लंडनहून नोकरीवर दुबईला आली, आणि एका मराठी ड्राफ्ट्समनचा पाय मोडला त्या दिवशी नेमकी तीच ड्युटीवर होती. तो ड्राफ्ट्समन म्हणजे माझे बाबा. ते सांगायचे, पाय सहा आठवड्यांत बरा झाला, पण तपासायला ते पुढे आठ महिने जात राहिले.

आता ही आई गोव्याची कशी झाली? तर मी केली. मी नऊ वर्षांची होते. दुबईच्या मराठी मंडळाचा गणपती होता, आणि प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी माझ्या कुरळ्या केसांत बोट घालून विचारलं, "अगंबाई, कुणावर गेलीस गं? आई कुठली तुझी?" त्याच आठवड्यात शाळेत एका मुलीनं सगळ्यांसमोर मला सांगितलं होतं की ग्रेनाडा नावाचा देशच नाहीये, मी थापा मारते. काकू बघत होत्या. मागची रांग बघत होती. मला आईची लाज वाटली. हे आता चव्वेचाळिसाव्या वर्षी लिहितानासुद्धा कान गरम होतात, पण तेव्हा वाटली हे खरं आहे. मी म्हणाले, "गोव्याची."

"तरीच!" काकू म्हणाल्या, आणि मला दोन मोदक जास्त दिले.

बाबा मागेच उभे होते. ते हसायला लागले. "समुद्राकाठचीच आहे की," एवढंच म्हणाले आणि पुढे सरकले. आई तेव्हा आरती संपली तरी टाळ्या वाजवत होती, तिला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला मराठी नीट कळायला लागलं तोवर दोन-तीन वर्षं गेली होती, आणि सगळं मंडळ तिला "गोव्याच्या वहिनी" म्हणायला लागलं होतं. बाबा म्हणाले, आता एकेकाला धरून कोण सांगत बसणार. आईसुद्धा हसली. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

बरं, लोकांना शंका यावी तर पुरावेही सगळे गोव्याचेच! नाव ख्रिश्चन. रविवारी चर्च. तिच्या माशाच्या कालवणात नारळाचं दूध. रास अल खोरच्या भाजीबाजारातून ती नीरफणस घेऊन यायची आणि अळूची पानं, आणि ती दोन्ही नारळाच्या दुधात हळद घालून एकत्र शिजवायची. तिच्या बेटावरचं हे रविवारचं जेवण आहे. मंडळातल्या बायका बोटं चाटत म्हणायच्या, "गोव्याचं फदफदं वेगळंच हो." दर दोन वर्षांनी तिच्या बहिणीकडून जायफळाची पिशवी यायची, कारण तिथे जायफळ परसात पडलेलं असतं. आई ती सगळ्यांच्या श्रीखंडाला वाटायची. "कुठून आणता?" "गावाहून." झालं! आणि ती लहानथोर सगळ्यांना अरेतुरे करायची. सत्तरीच्या अध्यक्षांना "तू चहा घे रे, थंड होतो," म्हणायची. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर सर्वसाधारण सभेत विषय निघाला असता. पण कोकणीत सगळ्यांना तूच म्हणतात ना, त्यामुळे लोक कौतुकानं हसायचे.

एकदा तर खरा गोवेकर आला होता मंडळात, चांगला मडगावचा. त्याला कुणीतरी ओढत आईपुढे आणला आणि म्हणालं, बोला आता तुमच्या भाषेत. तो कोकणीत काहीतरी बोलला. आईनं एक क्षण विचार केला आणि त्याला तिच्या आजीच्या पटवा भाषेत, म्हणजे तिथल्या जुन्या मोडक्या फ्रेंचमध्ये, उत्तर दिलं. बाबा पाणी प्यायला निघून गेले. गोवेकर बराच वेळ मान हलवत राहिला. मग म्हणाला, "कारवार साईडची दिसते."

इथपर्यंत विनोद होता. पण मी मोठी झाले आणि लिहायला लागले. मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेत माझे विनोदी लेख यायचे, पुढे त्यांचं एक पुस्तक निघालं, आणि त्या पुस्तकात एक अख्खा लेख आहे आईवर. त्यात ती गोव्याची आहे. छापील! नऊ वर्षांच्या पोरीचं समजू शकतं, पण मी तेव्हा चौतीस वर्षांची घोडी होते. लिहिताना वाटलं, वाचणाऱ्यांना तीच माहितीये, उगाच कशाला गोंधळ. आई बाबांकडून देवनागरी शिकली होती. तिनं तो लेख बोट ठेवून ठेवून तीन दिवस वाचला. वाचून झाल्यावर म्हणाली, "कव्हर छान आहे." मी त्यावरही खूश झाले, इतकी मी हुशार.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून आई आमच्याकडे राहायची, म्हणजे मी, नवरा, सोळा वर्षांची लेक आणि ती. गेल्या वर्षी एक दिवस तिनं जाहीर केलं की ती ग्रेनाडाला परत जाणार, कायमची. तिची मोठी बहीण तिथे टेकडीवर एकटी राहते, तिचे गुडघे गेलेत. "मी नर्स आहे. ती बहीण आहे. खलास," आई म्हणाली आणि तिकीट काढून मोकळी झाली. मी रडले, भांडले, डॉक्टरांचे दाखले दिले. ती बॅगेत प्रेशर कुकर कसा बसेल ते बघत होती.

मंडळाला कळल्यावर अध्यक्षबाईंचा फोन आला. या आताच्या अध्यक्षबाई दुबई मरीनाला राहतात, चाळिसाव्या मजल्यावर, आणि फोनवरसुद्धा वरून बोलल्यासारख्या बोलतात. "वहिनींचा निरोप समारंभ दणक्यात करायचाय हं. थीम ठरलीये. गोवा! जेन्ट्सना फुलाफुलांचे शर्ट कम्पल्सरी. आपल्या एका मेंबरचं रास अल खोरला गोडाउन आहे, तिथून मासे पकडायचं जाळं मागवलंय डेकोरेशनला. आणि तुझं कथाकथन हवंच. वीस मिनिटं. विषय तुझ्यावर सोडला, पण गोवा टच दे."

मी फोन ठेवला आणि हसत हसत आईला जाऊन सांगितलं. जाळं, शर्ट, गोवा टच, सगळं. मला वाटलं हसेल. ती बॅगेपाशी जमिनीवर बसली होती. तिनं गोडा मसाल्याची पुडी बॅगेत ठेवली, चेन लावली आणि म्हणाली, "मी जाते आहे ना आता? मग जायच्या आधी एकदा मला माझ्या गावाची राहू दे. एकच दिवस."

मी म्हणाले, "आई, आता इतक्या वर्षांनी..."

"मी नाही म्हटलं गोवा. तू म्हटलंस. मोदकाच्या रांगेत." तिला माहीत होतं. बाबांनी केव्हाच सांगितलं होतं. "तू घातलंस, तू काढ."

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. मी तिथेच बॅगेवर बसून राहिले. पस्तीस वर्षं ती त्या लोकांमध्ये बसली, त्यांच्या बाळंतिणींना तपासलं, त्यांच्या पोरांच्या तापात धावत गेली, आणि एकालाही ती कुठून आली हे माहीत नाही. आणि हे माझ्यामुळे. फार वाईट वाटलं मला.

सरळ माईकवर जाऊन सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून मी ठरवलं, कथाकथनात आईचीच एक गोष्ट सांगायची, तिच्या बेटावरची, आणि शेवटी हळूच खरं काय ते सांगून टाकायचं. लहानपणी ती खूप गोष्टी सांगायची, पण मला धड एकही आठवत नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी ती नारळ खवत असताना मी तिच्यासमोर फोन ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणाले, "सांग."

तिनं फोनकडे बघितलं. "तिम तिम?" म्हणाली.

फोन गप्प.

"हा मेलेला आहे," आई म्हणाली आणि नारळ खवायला लागली.

तिच्याकडची पद्धत अशी आहे. गोष्ट सांगणारा आधी "तिम तिम" म्हणतो, आणि ऐकणाऱ्यांनी "ब्वा सेश" म्हणायचं. म्हणजे वाळकं लाकूड. का, ते कुणालाच माहीत नाही. मध्येच कधीही सांगणारा पुन्हा "तिम तिम" करतो, आणि उत्तर नाही आलं तर गोष्ट तिथेच बंद. झोपलेल्या, मोबाइल बघणाऱ्या, मनात दुसरा विचार करणाऱ्या माणसाला गोष्ट मिळत नाही. मी म्हटलं, अगं, मी देते ना उत्तर. आई म्हणाली, एकटीला कशी सांगू, एकटीला सांगतात त्याला चुगली म्हणतात. शेवटी लेकीला तिच्या खोलीतून ओढून आणलं.

"आजी, आय हॅव अ मॉक टेस्ट टुमॉरो."

"यल्ला, चल, बस," आजी म्हणाली. "तिम तिम?"

"ब्वा सेश," लेक पुटपुटली, डोळे आभाळाला लावून. पाच मिनिटांनी ती ओट्यावर चढून बसली होती आणि उत्तरं ओरडून देत होती. खोबरं सगळं खवून झालं तरी कुणी उठलं नाही.

गोष्ट होती एका खेकड्याची. कोंबड्यांच्या अंगणात रोज मका टाकतात हे बघून तो तिथे जातो. म्हातारी कोंबडी विचारते, कोण रे तू? तो म्हणतो, कोंबडी. आणि मग फसतो. रात्री दांडीवर बसून झोपायचं, पहाटे उठून ओरडायचं, माती उकरायची. सगळं जमवतो बिचारा. मग त्या म्हणतात, तुझं अंडं कुठाय? तो नदीवरून एक पांढरा गोटा आणून ठेवतो, आणि सगळ्या कोंबड्या पाळीपाळीनं त्या गोट्यावर बसतात. पुढे काय होतं, ते आई दर वेळी वेगळं सांगायची. ऐकणारे काय विचारतात त्यावर ते ठरतं म्हणे.

मी ती गोष्ट लिहून काढली. चांगली अकरा पानं. पहिल्याच वाक्यात निसर्गरम्य बेट, दुसऱ्यात निळाशार सागर, खेकड्याच्या मनातलं द्वंद्व, अस्तित्वाचा प्रश्न, काही म्हणता काही सोडलं नाही. रात्रीच्या जेवणाआधी आईला वाचून दाखवली. ती लसूण सोलत होती. माझं वाचून संपलं तेव्हा दोन गड्डे सोलून झाले होते.

"छान," ती म्हणाली. "पण यात मी कुठे बोलू? कुणाला बसायला जागाच नाही ठेवली तू."

नवऱ्याचं मत विचारलं. तो पुण्याचा, शब्द जपून वापरतो. "द्वंद्व काढ," म्हणाला. मी म्हटलं, ते जाऊ दे, पण खरं सांगितल्यावर लोक चिडले तर? इतकी वर्षं फसवलं म्हणाले तर? "काय करतील? आईंचं सभासदत्व रद्द करतील? ते तसंही संपतंय," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला. असल्या माणसाला काय सांगायचं!

समारंभाचा दिवस आला. हॉलमध्ये शिरले आणि हात टेकले. भिंतभर जाळं, जाळ्यात प्लास्टिकचे मासे, शहाळी, आणि एका कोपऱ्यात खरी होडी वाटावी असा पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर लिहिलेलं, "गोव्याला परतताना". साठ-सत्तर माणसं फुलाफुलांच्या शर्टांत. आईला पहिल्या रांगेत मधोमध सजवलेल्या खुर्चीवर बसवलं होतं. ती सगळ्यांना "ये रे, बस रे" करत होती आणि मध्येच माझ्याकडे बघत होती. विमानाला नऊ दिवस उरले होते.

अध्यक्षबाईंनी प्रास्ताविक केलं. त्यात गोव्याचे उल्लेख किती आले ते मी मोजले नाहीत. मग माझं नाव पुकारलं. टेबल, टेबलावर शाल, पाण्याची बाटली, माईक. मी अकरा पानं काढली आणि सुरू केलं. निसर्गरम्य बेटाच्या कुशीत.

आमची माणसं कथाकथनाला फार शहाण्यासारखी बसतात. हाताची घडी, चेहरा गंभीर, मध्ये एखादं "वा". दुसऱ्या पानापर्यंत तिसऱ्या रांगेतल्या दोन काकांच्या माना छातीवर आल्या होत्या. खजिनदार फोन बघत होते. आणि आई स्वतःच्या पावलांकडे बघत होती. मी तिला आजवर कधी तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. ती माझी कीव करत होती का स्वतःची, ते कळलं नाही, पण मला पुढचं वाक्य वाचवेना. मी कागद उलटे ठेवले.

"तिम तिम!" मी माईकवर म्हणाले.

दोन माना वर आल्या.

"मी असं म्हटलं की तुम्ही म्हणायचं, ब्वा सेश."

"अर्थ काय त्याचा?" खजिनदारांनी विचारलं.

"वाळकं लाकूड."

"का?"

"माहीत नाही हो काका, म्हणा!"

पहिल्यांदा म्हणाले ते शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं. दुसऱ्यांदा बरं. तिसऱ्यांदा मागच्या बाजूला पळापळी करणारी पोरं येऊन पुढे जमिनीवर बसली आणि असली ओरडली की शहाळी हलली. मी खेकडा अंगणात आणला. आता माझ्याकडे ना कागद ना निसर्ग, जसं तोंडात येईल तसं सांगत होते. आणि एकदा तोंड उघडायची परवानगी मिळाल्यावर आमचे लोक थोडेच गप्प बसतात!

"अंगणात खेकडा आला कसा पण? समुद्र किती लांब होता?" एक काका.

"दांडीवर कसा बसेल तो? पडेल की!" दुसरे.

"अहो, पण त्या कोंबड्यांना नांग्या दिसत नव्हत्या का त्याच्या?" मोदकवाल्या काकू. हो, त्याच. आता पंच्याहत्तरच्या आहेत.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई म्हणाली, "दिसल्या ना. त्या म्हणाल्या, समुद्राकडच्या कोंबड्यांना असतात."

हॉल फुटला हसून. अध्यक्षबाई सगळ्यात जास्त हसल्या, डोळे पुसायला लागल्या. मी पांढऱ्या गोट्यापर्यंत पोचले. कोंबड्या पाळीपाळीनं बसताहेत, खेकडा कोपऱ्यात बसून बघतोय. मोदकवाल्या काकू पुन्हा उठल्या. त्यांना खरंच राग आला होता. "अगं, पण त्यानं सांगून का नाही टाकलं? इतकी वर्षं? त्या काय खाणार होत्या त्याला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. आता सांगायचं नाहीतर कधीच नाही.

"कारण तो नव्हता बोलला, काकू," मी म्हणाले. "त्यानं कुणाला काहीच खोटं सांगितलं नव्हतं. त्याच्या पिलानं सांगितलं. पिलू नऊ वर्षांचं होतं, प्रसादाच्या रांगेत उभं होतं आणि तुम्ही विचारलंत, आई कुठली तुझी." मी काकूंकडून आईकडे वळले. "माझी आई गोव्याची नाही. कधीच नव्हती. मी खोटं बोलले, आणि नंतर पुस्तकातसुद्धा तेच छापलं. मला लाज वाटायची. आता त्याची लाज वाटते."



"म्हणजे कारवार?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही हो. ग्रेनाडा. कॅरिबियन. वेस्ट इंडीज."

"अय्या! मी यूट्यूबवर टाकलंय की ते फदफदं!" मागून कुणीतरी किंचाळलं. "ऑथेंटिक गोवन म्हणून! चार हजार व्ह्यूज आहेत!" एकदम गलका झाला. कुणी म्हणे वाटलंच होतं, जे साफ खोटं होतं. कुणी म्हणे क्रिकेटच्या मॅचला वहिनी गप्प का असायच्या ते आता कळलं. मोदकवाल्या काकू मात्र रांगेतून बाहेर आल्या, काठी टेकत आईच्या खुर्चीपर्यंत गेल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोंबला.

"मी पोरीला विचारलं," काकू म्हणाल्या. "तुला विचारायला हवं होतं. चुकलंच माझं." मग बाजूची खुर्ची ओढून बसल्या. "गाव कुठलं गं तुझं?"

आईनं गावाचं नाव सांगितलं. तिनं पदर नीट केला आणि पुन्हा एकदा सांगितलं, मोठ्यानं, मागच्यांना ऐकू जाईल असं.

"तालुका कुठला?" खजिनदार.

आईनं तालुका सांगितला, तिकडे ज्याला पॅरिश म्हणतात तो. मग प्रश्नांचा मारा सुरू झाला. उतरायचं कुठे, बस किती वाजता, नदी आहे का, पीक काय. जायफळ म्हटल्यावर बायकांनी "अगंबाई!" केलं, आणि नीरफणस तिथे कुणी नेला यावर दोन काकांचं जुंपलं. आई सांगत होती. तिच्या तोंडून मराठी असं कधी धावलेलं मी ऐकलं नव्हतं. शाळेला जाताना दोन ओढे लागायचे. तिचे आजोबा उसाच्या मळ्यात कामाला बोटीतून आलेले हिंदुस्थानातले होते, आणि हिंदुस्थानकडे पाठ नको म्हणून ते मरेपर्यंत पश्चिमेकडे तोंड करून बसत नसत. तिला एक धाकटा भाऊ होता. सात वर्षांचा असताना दुसऱ्या ओढ्यात बुडाला, पावसाळ्यात. तेव्हा तिनं ठरवलं होतं की आपण नर्स व्हायचं.

मी माईक हातात धरून स्टेजवर उभी होते. भाऊ? आईला भाऊ होता? मी चव्वेचाळीस वर्षांची, दोनशे पानांच्या पुस्तकाची लेखिका, तिच्या गोष्टी वाचवायला निघालेली, आणि हे मला त्या फुलाफुलांच्या शर्टवाल्यांबरोबरच कळत होतं. मी तिला खेकडा मागितला, कोंबड्या मागितल्या. तू कुठली, तुझ्या घरात कोण होतं, हे मी तिला आयुष्यात एकदाही विचारलं नव्हतं. मला सगळं माहीत आहे असं मी धरूनच चालले होते.

मागे केटररचा माणूस जेवण थंड होतंय म्हणून खुणा करत होता. अध्यक्षबाईंनी त्याला हातानंच थांबवलं. मी माईक टेबलावर ठेवला, स्टेजवरून उतरले, आणि पोरांच्या मागे जमिनीवर जागा होती तिथे गेले. उभ्या उभ्याच हात वर केला.

"आई," मी म्हणाले, "तुझ्या भावाचं नाव काय होतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं.

"बस खाली," ती म्हणाली. "लांबलचक आहे."